पाला कोणता, पोट कोणाचे

कासव पाळणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : अमुक चालेल का? टोमॅटो चालेल का, कोबी चालेल का, कुंडीतल्या जास्वंदीचे पान चालेल का? प्रश्न रास्त आहे आणि पुढच्या पानांत एकेका वनस्पतीपुढे त्याचे उत्तर दिलेलेही आहे. मात्र या प्रश्नाच्या पोटात एक समजूत दडलेली असते. वनस्पती मुळातच दोन जातींच्या, विषारी आणि बिनविषारी. विषारी तेवढ्या वगळल्या की उरलेले खुशाल घालावे. ही समजूत आपल्याकडच्या कोणत्याही शेतकऱ्याला पटणार नाही. ज्वारीची कोवळी, पाण्याचा ताण पडलेली रोपे भरपूर खाल्लेले जनावर बघता बघता आडवे होते, कारण त्या रोपांतून पोटात सायनाइड सुटते. त्याच ज्वारीचा वाळलेला कडबा गुरांचा वर्षभराचा आधार असतो. झाड तेच, पण त्याचे वय, ऋतू आणि खाल्लेले प्रमाण बदलले की उत्तर बदलते. कासवांच्या बाबतीत याच्याही पुढे जावे लागते. पाळीव कासवांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्यांपुढे विषबाधेपेक्षा कितीतरी अधिक वेळा येतात ती चुकीच्या आहाराने हाडे ठिसूळ झालेली, पाठ मऊ पडलेली, चोच वेडीवाकडी वाढलेली कासवे. त्यांना कोणी कण्हेर घातलेली नसते. त्यांना काकडी, टोमॅटो आणि केळे घातलेले असते, तेही प्रेमाने आणि रोज.

आधी कोणत्या कासवाविषयी बोलतो आहोत ते स्पष्ट केलेले बरे, कारण मराठीत कासव म्हटले की विहिरीतलेही कासव आणि माळावरचेही कासव. काचेच्या टाकीत ठेवतात ते लाल कानपट्टीचे कासव पाण्यातले. लहानपणी ते मुख्यतः किडे-मासे खाते आणि त्याचा आहार हा स्वतंत्र विषय आहे. इथला विषय जमिनीवरच्या, पाला खाणाऱ्या कासवांचा. त्यातही प्रामुख्याने भूमध्य समुद्राभोवतालच्या हर्मन आणि ग्रीक कासवांचा, कारण युरोपात घरोघरी पाळली जातात ती हीच. ब्रिटनमध्ये एके काळी ती जहाजे भरभरून यायची आणि बाजारात स्वस्तात मिळायची. 1984 मध्ये युरोपीय समुदायाने रानातून पकडलेल्या या कासवांच्या आयातीवर बंदी घातली, आणि तिथून पुढे घरात पैदास केलेली, कागदपत्रांसह विकली जाणारी कासवेच उरली. लंडन-लेस्टरच्या मराठी घरांत आज कासव असेल तर ते बहुधा या वंशातले. भारतात चित्र वेगळे आहे. आपले स्वतःचे तारांकित कासव वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येते. ते घरात ठेवणे हा गुन्हा आहे, मग ते वास्तूला लाभते म्हणून आणलेले असो की मुलाने हट्ट केला म्हणून. 2019 मध्ये त्याला साइट्स कराराच्या परिशिष्ट एकमध्ये घातले गेले, म्हणजे त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराची दारेही जवळजवळ बंद झाली. जमिनीवरच्या कासवांचे सगळे कुळच या कराराच्या परिशिष्टांत असल्याने परदेशी प्रजातीचे कासव बाळगणाऱ्यालाही सरकारदरबारी त्याची नोंद करावी लागते. तरीही तारांकित कासवाच्या आहाराची माहिती मराठीत असणे गरजेचे आहे, कारण तस्करांकडून जप्त झालेली कासवे महाराष्ट्रातही सापडतात, ती सांभाळणारी माणसे असतात, आणि जप्तीनंतरच्या पहिल्या काही दिवसांत त्यांच्यापुढे काय ठेवले जाते यावर पुष्कळ काही ठरते.

आता पोटाकडे वळू. कासवाला दात नसतात. शिंगासारख्या कठीण चोचीच्या कडांनी ते पानाचा लचका पकडते, पुढचा पाय पानावर रोवते आणि मान मागे ओढून तुकडा फाडते. चावणे-चघळणे नाहीच, तुकडा तसाच आत जातो. खरी पचनाची शाळा भरते ती शेवटी, मोठ्या आतड्यात. तिथे राहणारे सूक्ष्मजीव पानांतला चोथा आंबवतात आणि त्यातून निघणारी मेदाम्ले कासवाला ऊर्जा म्हणून मिळतात. घोड्याचे आणि सशाचे पोट साधारण याच तत्त्वावर चालते, फक्त कासव थंड रक्ताचे असल्याने त्याचे काम सावकाशीने, उन्हाच्या उबेवर अवलंबून, दिवसचे दिवस चालते. या रचनेत चोथा हा टाकाऊ भाग राहत नाही, तोच मुख्य अन्न ठरतो. उलट साखर आत आली की आतड्यातली वस्तीच बदलते : ती झपाट्याने आंबते, आम्लता वाढते, चोथा पचवणारे सूक्ष्मजीव मागे पडतात, नको ते परजीवी फोफावतात आणि कासवाला जुलाब लागतात. म्हणून पिकलेले केळे किंवा आंबा माणसाला कितीही सात्त्विक वाटो, या पोटाला तो धक्का असतो. मऊ, बारीक चिरून दिलेल्या भाजीचा आणखी एक तोटा आहे. फाडण्याचे कष्टच नसल्याने चोच झिजत नाही, वाढत जाते, आणि मग तोंड नीट मिटत नाही.

दुसरी गोष्ट कवचाची. कवच ही कासवाने अंगावर चढवलेली ढाल आहे असे चित्र मनात असते, पण ते त्याच्या फासळ्या आणि मणक्यांशी एकजीव झालेले हाड आहे. एवढे हाड बांधायला आणि टिकवायला चुन्याची, म्हणजे कॅल्शियमची, सतत गरज लागते, आणि ती भागते की नाही हे कॅल्शियम किती यापेक्षा फॉस्फरसच्या मानाने किती यावर ठरते. आहारात कॅल्शियम फॉस्फरसच्या निदान दुप्पट असावे, हा या विषयातला सर्वमान्य दंडक. फॉस्फरस वरचढ झाला की रक्तातले कॅल्शियम सांभाळण्यासाठी शरीर ते हाडांतून काढू लागते. आता बाजाराच्या पिशवीतल्या वस्तू या कसोटीवर लावून पाहा. शंभर ग्रॅम टोमॅटोत सुमारे 10 मिलिग्रॅम कॅल्शियम आणि 24 मिलिग्रॅम फॉस्फरस असतो. काकडीत 16 आणि 24. केळ्यात 5 आणि 22. गाजरात 33 आणि 35, म्हणजे जेमतेम बरोबरी. याउलट युरोपात हिरवळीतून उपटून फेकतात त्या डँडेलियनच्या पानांत 187 आणि 66. आणि फड्या निवडुंगाच्या कोवळ्या पात्यात 164 आणि 16, दहास एक. यातले एकही नाव विषारी वनस्पतींच्या यादीत नाही. विषाचा प्रश्न विचारला असता सगळ्यांना सारखेच उत्तर मिळाले असते, ‘चालेल’. पण रोज टोमॅटो-केळे खाणाऱ्या पिल्लाचे आणि रोज डँडेलियन खाणाऱ्या पिल्लाचे दोन वर्षांनंतरचे कवच सारखे असणार नाही.

आकड्यांवर मात्र डोळे मिटून विसंबता येत नाही, आणि याचे उत्तम उदाहरण पालक. त्यात 99 मिलिग्रॅम कॅल्शियम आणि 49 मिलिग्रॅम फॉस्फरस. कागदावर हिशोब अगदी दंडकाबरहुकूम. प्रत्यक्षात पालकातले ऑक्झॅलेट ते कॅल्शियम जखडून ठेवते आणि बहुतेक सगळे विष्ठेवाटे निघून जाते. चुका, बीटची पाने, माठ, राजगिरा, घोळ या आपल्या नेहमीच्या भाज्याही कमीअधिक प्रमाणात याच पंगतीतल्या. अळूचे तर विचारायलाच नको. त्यातल्या ऑक्झॅलेटच्या सुयांनी माणसाचा घसा खाजतो म्हणून आपण चिंच घालून शिजवतो, कासवाला ही सोय नाही. कोबी, फ्लॉवर, नवलकोल यांचे दुखणे वेगळे. त्यांतली द्रव्ये थायरॉइड ग्रंथीच्या आयोडीन वापरण्यात अडथळा आणतात. आठवड्यातून एखादे पान खाल्ल्याने काही बिघडत नाही. कोबीच्या गड्ड्यावरच जगवलेल्या कासवाचे बिघडते. वाटाणे, मोड आलेली कडधान्ये, कुत्र्या-मांजराचे तयार खाद्य यांतली भरमसाट प्रथिने मूत्रपिंडांवर भार टाकतात. म्हणजे सुरक्षितता ही पानाच्या अंगची गोष्ट म्हणून ठरवताच येत नाही. पान कोणाच्या पोटात जाते, किती वेळा जाते आणि सोबत दुसरे काय जाते, या तिन्हींची मिळून ती ठरते. पुढच्या याद्यांत एखाद्या वनस्पतीपुढे ‘सुरक्षित’ हा शब्द आला तर तो याच अर्थाने वाचावा.

भाजी बाजारातली असण्यातच काही दोष आहे का? दोष नाही, पण हेतू वेगळा आहे. हजारो वर्षे माणसाने भाज्या निवडल्या त्या स्वतःच्या जिभेसाठी. कडूपणा कमी केला, चोथा कमी केला, पाणी आणि गोडवा वाढवला. आइसबर्ग लेट्यूस हे या निवडीचे टोक. त्यात शेकडा पंचाण्णव भाग पाणी. कासवाच्या पोटाला हवे असते नेमके तेच, जे आपण शतकानुशतके काढून टाकत आलो : कडवट, चरचरीत, तंतुमय, हडकुळे पान. ते मिळते तणांत. ही काही आजची विद्या नाही. इंग्लंडमधल्या सेलबोर्न गावचा पाद्री-निसर्गनिरीक्षक गिल्बर्ट व्हाइट याच्याकडे 1780 मध्ये आत्याकडून एक कासव आले. टिमथी असे त्याचे पुरुषी नाव. ती मादी असल्याचे मेल्यानंतर कळले, आणि तिचे कवच आजही लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयात आहे. व्हाइटने नोंदवून ठेवले आहे की या कासवाला चीक येणाऱ्या वनस्पती विशेष आवडतात : लेट्यूस, डँडेलियन, सो-थिसल. या तिन्ही एकाच कुळातल्या, आणि त्याच कुळातली त्यांची एक चुलतबहीण महाराष्ट्रात पायवाटांच्या कडेला, बांधावर, विहिरीच्या कठड्याशी उगवते. तिचे नाव पाथरी. जमिनीला चिकटलेला पानांचा चक्राकार झुपका, पानांच्या कडा दातेरी, मोडले की पांढरा चीक, वर लहानसे पिवळे फूल. रानभाजी म्हणून ती आपण खातो. जप्त झालेल्या तारांकित कासवासमोर पाथरी, हरळी आणि निवडुंगाचे पाते ठेवणाऱ्याने भाजी मंडईत न जाता मंडईपेक्षा चांगले काम केलेले असते.

पण व्हाइटच्या नोंदीचा नियम करायला गेलात तर फसाल. ‘चीक येतो ते कासवाला चांगले’ हे सेलबोर्नच्या परसात खरे होते. आपल्या परसात चीक रुईलाही येतो, शेराच्या कुंपणालाही येतो, नाताळात कुंड्यांतून विकायला येणाऱ्या लालभडक पॉइन्सेटियालाही येतो, आणि यांतले काहीही कासवाच्या तोंडाशी नेण्याच्या लायकीचे नाही. दिसण्यावरून केलेले सगळेच नियम असे दगा देतात. गाजरगवताचे पान गाजराच्या पानासारखे दिसते म्हणून तर त्याला हे नाव मिळाले; पुण्यात पन्नासच्या दशकात या परदेशी तणाची भारतातली पहिली ठळक नोंद झाली आणि आज ते पाथरीच्या शेजारीच, त्याच भिंतीच्या पायथ्याशी उभे असते. ते माणसाच्या कातडीला खाज आणते, जनावरांना बाधते. घाणेरीच्या पानांनी गुरांचे यकृत निकामी होते. कण्हेर आणि पिवळी कण्हेर हृदयावर घाला घालतात. एरंडाच्या बिया, धोत्रा, आणि घरात शोभेला ठेवतात ते डिफेनबाकिया यांच्याबद्दल दुमत नाही. युरोपात या यादीत फॉक्सग्लव्ह, रोडोडेंड्रॉन, नरगिसाचे कंद आणि रुबार्बची पाने येतात. म्हणजे विषारी वनस्पतींची यादी बिनकामाची आहे असे माझे म्हणणे अजिबात नाही. ती पाठ हवी. फक्त ती वाचली की काम संपले असे समजू नये. ती वाचल्यावर काम सुरू होते. आणि वनस्पती ओळखण्यात जराही शंका असेल तर पान खुडू नये, इतका साधा नियम या बाबतीत पुरतो, कारण कोणत्याही एका झाडावाचून कासवाचे अडत नाही.

यावर सर्वांत जुना आक्षेप असा की प्राण्याला स्वतःचे हित कळते. टोमॅटोवर तो एवढा तुटून पडतो, त्याअर्थी तो त्याला हवा असणार. पहिला भाग बराचसा खरा आहे. उत्तर अमेरिकेतल्या मोहावी वाळवंटातल्या कासवांचा चारा अभ्यासकांनी घास घास मोजून पाहिला, तेव्हा लहान कासवेसुद्धा समोरची बहुतेक झाडे ओलांडून ठरावीक रोपांचे ठरावीक भागच खाताना आढळली. त्यांची निवड पाणी आणि नत्र भरपूर, पण पोटॅशियम कमी अशा चाऱ्याकडे झुकलेली होती, आणि पाण्यावाचून पोटॅशियम बाहेर टाकणे ज्याला महागात पडते त्या प्राण्याला तेच सोयीचे. म्हणजे निवडीची बुद्धी त्याच्याकडे आहे. पण ती ज्या जगात घडली त्या जगात टोमॅटो नव्हता. रानात लाल-पिवळा रंग आणि गोडवा म्हणजे वर्षातून क्वचित मिळणारे फूल किंवा गळालेले फळ. मिळाले की सोडायचे नाही, ही वृत्ती तिथे फायद्याची होती. तीच वृत्ती रोज वाढलेल्या ताटापुढे अंगाशी येते. शिवाय निवडायला पर्याय लागतात. माळावर चाळीस झाडे समोर असतात, पिंजऱ्यात आपण टाकलेली दोन. कैदेतल्या प्राण्याने समोरचे खाल्ले यातून एवढेच सिद्ध होते की त्याच्यापुढे दुसरे काही नव्हते. रानातली कासवे आपण विषारी मानतो त्या काही वनस्पतींनाही तोंड लावतात, हा याच आक्षेपाचा दुसरा अवतार. लावतात, पण पन्नास प्रकारच्या पाल्यातला तो एक घास असतो. भुकेल्या कासवाच्या कुंपणात एकच झुडूप असेल आणि ते नेमके तेच असेल, तर तो घास राहत नाही, जेवण होते.

दुसरा आक्षेप वजनदार आहे आणि तो भारतातूनच येतो. कोलकात्याच्या अलिपूर प्राणिसंग्रहालयात अद्वैत नावाचे अल्डाब्रा बेटावरचे महाकाय कासव होते. 2006 मध्ये ते वारले तेव्हा त्याचे वय अडीचशेच्या घरात असल्याचे सांगितले गेले. पक्का पुरावा नाही, पण ते फार म्हातारे होते यात संशय नाही. त्याचा खुराक काय? गव्हाचा कोंडा, गाजर, लेट्यूस, भिजवलेले हरभरे, पाव, मीठ. आणि गवत. वर सांगितलेल्या जवळपास प्रत्येक नियमाचा भंग करून तो प्राणी कित्येक पिढ्यांच्या राखणदारांना पुरून उरला, मग हे सगळे दंडक कशाला? उत्तर त्या यादीतल्या शेवटच्या शब्दापासून सुरू करावे लागेल. मोकळ्या आवारात, उघड्या उन्हात, पायाखाली गवत असलेले भले मोठे प्रौढ कासव हरभरे पचवू शकते. त्याचे हाड आधीच बांधून झालेले असते आणि दिवसभर चरण्यात चोथा मिळत राहतो. तळहातावर मावणाऱ्या, दिव्याखाली वाढणाऱ्या पिल्लाला यातले काहीच नसते. आणि जी कासवे कोंडा-पाव खाऊन तिशीतच मेली त्यांची नावे वर्तमानपत्रात आलेली नाहीत. तगलेल्या एकाच्या बळावर खुराक शहाणा ठरवायचा तर विडी ओढून नव्वदी गाठलेल्या आजोबांवरून विडीही शहाणी ठरेल.

दुसऱ्या टोकाचे उदाहरणही टाळण्यात अर्थ नाही, कारण ते माझ्याच म्हणण्याला मुरड घालायला लावते. दक्षिण अटलांटिकमधल्या सेंट हेलेना बेटावर 1882 मध्ये आणलेले जोनाथन हे कासव तेव्हाच पूर्ण वाढलेले होते; म्हणून त्याचा जन्म 1832 च्या आसपासचा धरतात. राज्यपालांच्या बंगल्याच्या हिरवळीवर ते गवत चरत राहिले. म्हातारपणी मोतीबिंदूने त्याची दृष्टी गेली, वासाचे भान गेले, चोच बोथट आणि ठिसूळ झाली, मातीत-काड्यांत तोंड घालू लागले. तेव्हा बेटावरच्या पशुवैद्यांनी त्याला आठवड्यातून एकदा हाताने फळे आणि भाज्या भरवायला सुरुवात केली, आणि त्याची चोच पुन्हा धारदार झाली, अंगात जोम आला. म्हणजे भाजी-फळ वर्ज्य नाही. आजाऱ्याला, म्हाताऱ्याला, उपाशीपोटी तस्करीतून सुटून आलेल्याला ते औषधासारखे उपयोगी पडते. लक्षात ठेवण्याजोगे शब्द मात्र ‘आठवड्यातून एकदा’ हे आहेत. बाकीचे सहा दिवस तिथे गवतच होते.

‘मग वरून चुन्याची पूड टाकली की झाले’ असे म्हणणारेही पुष्कळ. फॉस्फरस नसलेली कॅल्शियमची पूड किंवा काष्ठौषधीच्या दुकानात मिळणारा समुद्रफेस उपयोगी आहे, वाढत्या पिल्लांना आणि अंडी घालणाऱ्या माद्यांना तर खासच. पण कॅल्शियम आतड्यातून रक्तात जाण्यासाठी ड जीवनसत्त्व लागते आणि ते कासवाच्या कातडीत तयार होते सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांच्या एका अरुंद पट्ट्यामुळे. खिडकीची साधी काच तो पट्टा जवळजवळ पूर्ण अडवते. काचेआडच्या सोनेरी उन्हात पहुडलेले कासव उबदार असते, पण त्याला जे हवे ते मिळत नसते. शिवाय पूड चोथा आणत नाही, साखर काढून घेत नाही. चांगल्या चाऱ्याला जोड म्हणून ती ठीक. वाईट चाऱ्याचे प्रायश्चित्त म्हणून ती पुरी पडत नाही.

इथे आहाराच्या कैवाऱ्यांचाही एक अतिरेक नोंदवायला हवा. कवचावरचे खवले पिरॅमिडसारखे उंच वाढले की दोष अति प्रथिनांचा, असे कित्येक वर्षे ठामपणे सांगितले जायचे. 2003 मध्ये व्हिएन्नातल्या संशोधकांनी आफ्रिकेतल्या सुल्काटा कासवाची पिल्ले वेगवेगळ्या आर्द्रतेत आणि वेगवेगळ्या प्रथिनांवर वाढवून पाहिली. कवचाच्या उंचवट्यांवर कोरड्या हवेचा परिणाम ठळक दिसला, प्रथिनांचा किरकोळ. म्हणून कवच वाकडे दिसले की लगेच ताटाला दोष देणे बरोबर नाही. पाणी, दमटपणा, ऊन, ऊब यांचाही हिशोब द्यावा लागतो. ताट हा या सगळ्यातला एक भाग आहे, पण रोज आपल्या हातात असलेला भाग आहे.

प्रजातीचाही फरक इथेच सांगून टाकू. सुल्काटा, बिबट्या-कासव आणि आपले तारांकित कासव यांच्या आहारात गवताचा वाटा मोठा. हर्मन आणि ग्रीक कासवे रुंद पानांच्या तणांवर जगतात. त्यांना नुसते गवत घालणे हाही अन्यायच. मोहावीच्या वाळवंटात परदेशी गवते पसरली तिथल्या कासवांचे नेमके हेच होते आहे : समोर हिरवे भरपूर, पण पोषण तोकडे. दक्षिण अमेरिकेच्या जंगलातले लाल पायांचे कासव गळालेली फळे, अळंबी आणि प्रसंगी मेलेले प्राणीही खाते, त्यामुळे फळांविषयी वर लिहिलेले त्याला तसेच्या तसे लागू नाही. आपल्या घरातले कासव कोणते हे ठाऊक नसेल तर कोणतीही यादी, हीसुद्धा, उघडण्यात हशील नाही.

शेवटचा आक्षेप व्यवहारातला : तिसऱ्या मजल्यावरच्या माणसाने तण आणायचे कुठून? रस्त्याकडेचे आणू नये हे खरे. तिथे धूर असतो, कुत्री असतात, पालिकेने मारलेले तणनाशक असते. पण गॅलरीतल्या चार कुंड्या एका लहान कासवाला पुष्कळ देतात. जास्वंद पाने आणि फुले दोन्ही देते, आणि छाटली की आणखी फुटते. तुतीची पाने बहुतेक सगळी कासवे खातात. फड्या निवडुंगाचे एक पाते मातीत खोचले की वर्षभरात झाड होते. काटे आणि त्यांच्या बुडाशी असणारी बारीक कुसळे मात्र आचेवर जाळून किंवा घासून काढल्याशिवाय ते देऊ नये. भोपळ्याची पाने-फुले, गुलाबाच्या पाकळ्या, द्राक्षवेलीची पाने अधूनमधून चालतात. शेवग्याच्या पाल्यात कॅल्शियम भरपूर असते, प्रथिनेही. तो रोजचा नव्हे. युरोपच्या हिवाळ्यात चिकोरी आणि एंडाइव्ह हे बाजारातले त्यातल्या त्यात बरे पर्याय. रोपवाटिकेतून आणलेले झाड ताबडतोब खायला घालू नये : मुळांवाटे शोषली जाणारी कीटकनाशके पान धुऊन जात नाहीत, कुंडी-माती बदलून, जुनी पाने काढून काही महिने नवी फूट येऊ द्यावी. फुलवाल्याचा गुलाब तर वर्ज्यच. हे कष्ट जास्त वाटत असतील तर ज्याला पाला पिकवण्याची सवड नाही त्याने पाला खाणारा, माणसाच्या आयुष्याइतका किंवा त्याहून अधिक जगू शकणारा प्राणी पाळावा का, हा प्रश्न त्याने कासव आणण्यापूर्वीच स्वतःला विचारावा. माझे मत विचाराल तर पाळू नये.

पुढच्या याद्यांत काही वनस्पतींबद्दल जाणकारांत मतभेद दिसतील. घोळ हे त्यातले ठळक नाव : ऑक्झॅलेटमुळे काही जण ती टाळायला सांगतात, काही जण रानात कासवे ती खातातच म्हणून मोकळीक देतात. अशा ठिकाणी इथे कडक बाजू घेतली आहे, म्हणजे ‘क्वचित, पुष्कळ पाल्यात मिसळून’. प्रौढ, बाहेर चरणाऱ्या कासवाच्या बाबतीत ती बाजू जरा जास्तच कडक ठरेल हे मान्य. पिल्लांच्या बाबतीत ती तशीच पाळावी. टाकळा, कुर्डू यांसारख्या ज्या रानभाज्या आपण शिजवून खातो, त्या कच्च्या देण्याबाबतही हेच. आणि एवढे करूनही कासवाने एखादे अनोळखी झुडूप चावलेच, तोंडाला फेस आला, मान टाकली किंवा खाणे सोडले, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये, तोंडात बळेच पाणी-तेल ओतू नये. सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे त्याला न्यावे, आणि जाताना त्या झुडपाची पाने, फूल आणि असेल तर फळ यांसकट एक फांदी कागदात गुंडाळून सोबत घ्यावी.